झाकण, तबकडी आणि साखळ्यांची टोपली

दिवाळीच्या फराळाचे डबे रिकामे होऊ लागले की त्यांची झाकणे घरभर कुठेही सापडू लागतात. आणि घरात सात-आठ वर्षांचे मूल असेल तर त्यातले एखादे तरी सूंऽऽ करीत अंगणातून उडते आणि शेजारच्या तुळशीवृंदावनावर जाऊन आदळते. आई रागावते, आजी पदराआड हसते आणि झाकणाला पोचा पडतो. आमच्याकडे गोष्ट तिथेच संपते. अमेरिकेत मात्र अशाच एका झाकणातून आधी एक खेळणे, मग एक कारखाना आणि शेवटी एक सबंध खेळ निघाला. त्या खेळाचे नाव डिस्क गोल्फ.

झाकणाची कथा अगदी खरी आहे. कॅनडातल्या ब्लॅडवर्थ नावाच्या लहानशा गावात शाळेची मुले १९२६ सालीच पत्र्याची झाकणे फेकून गोल्फ खेळत. पण मुले मोठी झाली आणि खेळ मागे पडला. पुढे १९३७ मध्ये वॉल्टर फ्रेडरिक मॉरिसन हा सतरा वर्षांचा मुलगा आपल्या मैत्रिणीबरोबर मक्याच्या लाह्यांच्या डब्याचे झाकण फेकीत खेळत होता. झाकण लवकरच चेपले, म्हणून दोघांनी केक भाजण्याचे पत्र्याचे ताट घेतले. ते घेऊन सांता मोनिकाच्या समुद्रकिनाऱ्यावर खेळत असता एका माणसाने पंचवीस सेंट देऊ केले. ताटाची दुकानातली किंमत पाच सेंट! दोघांनी लगोलग धंदा सुरू केला. पुढे मॉरिसन महायुद्धात वैमानिक झाला, युद्धकैदी झाला, सुटून आला आणि १९४८ मध्ये त्याने प्लास्टिकची तबकडी बाजारात आणली. त्या सुमारास अमेरिकेत जो तो आकाशात उडत्या तबकड्या पाहत होता. तेव्हा मॉरिसननेही आपल्या खेळण्याला तेच नाव दिले. १९५७ मध्ये ते खेळणे वॅम-ओ कंपनीने घेतले आणि त्याच वर्षी त्याचे नाव फ्रिस्बी पडले. कनेक्टिकटमधल्या फ्रिस्बी बेकरीच्या पायच्या थाळ्या येलचे विद्यार्थी एकमेकांकडे फेकीत, त्यावरून हे नाव आले.

मराठीच्या शिक्षिकेला इथे थोडे थांबणे भाग आहे. डिस्कला आपण काय म्हणावे? थाळी म्हणावे तर थाळीफेक हा निराळा आणि पुरातन खेळ. चकती म्हटली की गिरणीच्या पट्ट्याची आठवण होते. चक्र म्हणावे, तर लगेच कोणीतरी सुदर्शनाचा दाखला देऊन हा खेळ द्वापरयुगात आमच्याकडेच होता असे सिद्ध करू लागेल. तेव्हा तबकडीच बरी. ‘उडती तबकडी’ हा शब्द मराठीने एकदा आपलासा केलेलाच आहे.

या तबकडीचा ‘गोल्फ’ करणारा गृहस्थ मात्र मॉरिसन नव्हे. त्याचे नाव एड हेड्रिक. हा १९६४ मध्ये वॅम-ओ कंपनीत आला. तबकडीच्या पाठीवर त्याने बारीक कंगोरे पाडले, त्यामुळे ती हवेत डळमळेनाशी झाली, आणि १९६७ मध्ये त्याला त्याचे पेटंट मिळाले. १९७५ मध्ये लॉस एंजेलिसजवळच्या ओक ग्रोव्ह पार्कमध्ये त्याच्या आखणीप्रमाणे जगातला पहिला कायमचा मार्ग झाला. तिथे लक्ष्य म्हणून नुसते खांब रोवले होते. पण खांबाला तबकडी लागली की नुसती चाटून गेली, यावर दर फेकीला वाद! त्या वादांना कंटाळून हेड्रिकने मुलाच्या मदतीने खटपट केली आणि खांबाला लोखंडी टोपली बसवून तिच्यावर साखळ्यांची झालर सोडली. तबकडी साखळ्यांवर आदळते, तिचा जोर तिथे जिरतो आणि ती खाली टोपलीत पडते. आवाज असा खणखणीत होतो की वादाला जागाच उरत नाही. या टोपलीचे पेटंट १९७७ चे. तोवर हेड्रिकने चांगल्या नोकरीवर पाणी सोडले होते. पन्नाशीचा, घरदार असलेला माणूस खेळण्यासाठी नोकरी सोडतो, हे आपल्याकडे सांगितले तर लोक आधी त्याच्या बायकोची विचारपूस करतील. २००२ मध्ये तो वारला. त्याच्या इच्छेप्रमाणे त्याची रक्षा प्लास्टिकमध्ये मिसळून तबकड्या करण्यात आल्या. आपल्या नाशिक-पंढरपूरच्या मनाला हे चमत्कारिक वाटेल. पण कोणाची गंगा कोठे असते हे आपण कोण सांगणार?

२०२३ च्या उन्हाळ्यात मी भावाकडे पासाडेनाला होते, तेव्हा भाच्याने मला त्या ओक ग्रोव्हमध्येच नेले. आता त्या जागेला हाहामोंग्ना म्हणतात. एका अंगाला सॅन गॅब्रिएलचे उघडे डोंगर, जवळच चंद्र-मंगळावर याने धाडणारी ती प्रसिद्ध प्रयोगशाळा आणि मधे ओकच्या झाडांची दाट सावली. येरवड्याच्या गोल्फ मैदानाशेजारून मी अनेकदा बसने गेले आहे, पण तिथल्या हिरवळीवर आपले पाऊल पडेल असे कधी स्वप्नातही आले नाही. इथे तसले काही नव्हते. हिरवळ नाही, तिकीट नाही, काठ्यांच्या पिशव्या वाहणारी पोरे नाहीत. पायाखाली धूळ आणि पाचोळा. कामगार, विद्यार्थी, मूल पाठुंगळी घेतलेली एक बाई, सगळे एकाच वाटेने चालले होते.

खेळ समजायला पाच मिनिटे पुरतात. ठरलेल्या जागेवरून पहिली फेक करायची. तबकडी जिथे पडेल तिथून दुसरी. टोपलीत पडेपर्यंत असेच. किती फेकी लागल्या ते मोजायचे; सगळ्यांत कमी ज्याच्या, तो जिंकला. अशा टोपल्या नऊ किंवा अठरा. आखलेल्या हद्दीबाहेर तबकडी गेली तर एक फेक दंड. टोपलीपासून दहा मीटरच्या आत आल्यावर फेकताना तोल जाऊन पुढे पाऊल पडता कामा नये. बाकी बारकावे पुष्कळ आहेत, पण ते भांडणापुरते.

खरी मौज तबकडीच्या स्वभावात आहे. गोल्फची तबकडी साधारण पोळीएवढी, दीडशे ते एकशे ऐंशी ग्रॅम वजनाची. किनाऱ्यावरच्या फ्रिस्बीची कड जाड आणि बोथट असते. हिची कड धारेसारखी निमुळती. ही युक्ती १९८३ मध्ये डेव्ह डनिपेस या खेळाडूने काढली आणि फेकीचा पल्ला एकदम वाढला. आज तर ३३८ मीटरचा विक्रम आहे! दूरच्या पल्ल्याची निराळी, मधल्या पल्ल्याची निराळी आणि टोपलीजवळची निराळी, अशा तीन तबकड्या नवशिक्याला पुरतात. तबकडीवर बहुधा चार आकडे छापलेले असतात: वेग किती, तरंगणार किती, आरंभी कोणीकडे कलणार आणि शेवटी कोणीकडे वळणार. थोडक्यात, तिची जन्मपत्रिकाच. मात्र ती खरी ठरायला फेकणाऱ्याचा हात हवा.

उजव्या हाताने, हात छातीसमोरून आडवा नेऊन फेकलेली तबकडी वेग ओसरताच डावीकडे वळते. मला वाटले, माझेच मनगट वाकडे. भाचा म्हणाला, “आत्या, सगळ्यांचीच वळते. तू ते धरूनच नेम घे.” यामागचे शास्त्र भोवऱ्याचे आहे. हवा तबकडीची पुढची कड वर उचलू पाहते. पण गरगर फिरणारी वस्तू ढकलल्या दिशेला न झुकता काटकोनात झुकते, म्हणून पुढची कड उठण्याऐवजी डावी कड खाली जाते. तबकडी फिरत नसती तर दोन हातांवरच उलटून पडली असती. जोर सगळा खांद्यात असतो, हा समज इथे टिकत नाही. पाय रोवून कंबर आधी वळते, हात मागून चाबकासारखा येतो. दंडाच्या बळावर फेकणारे धिप्पाड तरुण झुडपांत तबकड्या शोधताना मी पाहिले. आणि सत्तरीच्या घरातले एक पांढऱ्या दाढीचे गृहस्थ फारसे श्रम न करता त्यांच्या पुढे जात होते.

तबकड्या हरवतात मात्र फार. म्हणून खेळाडू तबकडीच्या पोटावर आपले नाव आणि फोन नंबर लिहून ठेवतो, आणि ज्याला ती सापडते तो फोन करून परत देतो. तसा रिवाजच आहे. तबकडीची किंमत पंधरा-वीस डॉलर, म्हणजे कोणी ठेवून घेतली तरी जग बुडत नाही. त्या पांढऱ्या दाढीवाल्यांनी माझ्यासमोरच झुडपातून एक निळी तबकडी काढली, चष्मा वर करून नंबर वाचला आणि पुढची फेक थांबवून निरोप धाडला. मागच्यांनीही कुरकुर केली नाही.

अर्थात या भाबड्या खेळातही पैसा शिरला आहे. २०२१ मध्ये पॉल मॅकबेथ या जगज्जेत्याशी डिसक्राफ्ट कंपनीने दहा वर्षांचा एक कोटी डॉलरचा करार केला. त्याच वर्षी जूनमध्ये युटामधल्या ऑग्डेनला जागतिक स्पर्धेची अखेरची टोपली उरली होती, आणि मॅकबेथ एका फेकीने पुढे होता. त्याचा प्रतिस्पर्धी जेम्स कॉनरॅड २४७ फुटांवर उभा. त्याने तिथून फेकलेली तबकडी हवेतून वळत थेट साखळ्यांत शिरली! बरोबरी झाली, जादा टोपलीवर कॉनरॅड जिंकला. ती फेक चित्रफितीवर मी दहादा पाहिली, आणि दर वेळी ती चुकणार असेच वाटले.

आज जगात या खेळाचे पंधरा हजारांहून अधिक मार्ग आहेत, निम्म्याहून जास्त अमेरिकेत, आणि बहुतेकांवर खेळायला पैसे पडत नाहीत. २०२० च्या साथीत बंदिस्त खेळ बंद पडले तेव्हा यात मोठी भर पडली. फिनलंडसारख्या छप्पन्न लाख वस्तीच्या देशात मार्गांची संख्या हजाराच्या घरात आहे, आणि त्याच्या शेजारच्या चिमुकल्या एस्टोनियातली क्रिस्टिन तत्तार २०२२ आणि २०२३ अशी लागोपाठ दोनदा जगज्जेती झाली. तक्रारही आहे, आणि ती रास्त आहे: तबकड्यांच्या माराने झाडांच्या साली निघतात आणि पायांखाली माती उघडी पडते. काही ठिकाणी खोडांना लाकडी पट्ट्यांचे चिलखत बांधतात. झाडांमुळे खेळाला रंगत, तेव्हा झाडांची एवढी बूज राखायलाच हवी.

येताना मी तीन तबकड्या पेटीत घालून आणल्या. टोपली आणणे शक्य नव्हते, आणि तिची जरूरही नव्हती. पहिल्या मार्गावर तरी कुठे होती? आमच्या महाविद्यालयाच्या मैदानावर क्रिकेटचे राज्य आहे. मुली पायऱ्यांवर बसून डबा खातात, मैदान ओलांडायचे तरी कडेने जातात. मैदानामागे कंपाउंडच्या भिंतीलगत कडुनिंब आणि शिरीष मिळून अकरा झाडे आहेत. तो पट्टा क्रिकेटला निरुपयोगी. तो मी प्राचार्यांकडे मागून घेतला. त्यांनी दोन प्रश्न विचारले: खर्च किती, आणि काचा फुटतील का? खर्च शून्य आहे आणि काचा उलट्या बाजूला आहेत, हे पाहून त्यांनी सही केली.

शिपाईकाकांनी नऊ झाडांना कमरेच्या उंचीवर जुन्या गोणपाटाचे पट्टे गुंडाळले. पट्ट्याला तबकडी लागली की झाले. सालही वाचते. पहिल्या शनिवारी तीन मुली आल्या, त्याही माझ्या शब्दाखातर. आता चौदा येतात आणि तबकड्या तीनच, म्हणून पाळ्या लावाव्या लागतात. ओढणी कमरेला बांधून पाय रोवण्याची त्यांची तऱ्हा पाहून क्रिकेटवाले सुरुवातीला हसले. मग त्यांतला एक पुढे आला आणि दंडाच्या जोरावर त्याने जी फेकली ती थेट भिंतीपलीकडच्या उसात. तबकडीवर नंबर माझा होता. संध्याकाळी ऊसमालकांचा फोन आला, “बाई, तुमचं झाकण आमच्या रानात पडलंय.”