पुरेसे म्हणजे किती?

१ जानेवारी १९०९ या दिवशी ब्रिटनमध्ये सरकारी पेन्शन पहिल्यांदा सामान्य माणसाच्या हातात पडली. आदल्या वर्षी लॉइड जॉर्ज या अर्थमंत्र्याने तिचा कायदा पार्लमेंटातून पार करून घेतला होता. अटी कडक होत्या. वय सत्तर पूर्ण हवे, उत्पन्न तुटपुंजे हवे, आणि मग आठवड्याला जास्तीत जास्त पाच शिलिंग. पोस्टाच्या खिडकीवर ते मोजून मिळत. त्याआधी हातपाय थकलेल्या गरिबापुढे दोनच वाटा असत. मुलांच्या दारात जाऊन राहायचे, नाही तर 'वर्कहाउस' नावाच्या निराधारांच्या कोंडवाड्यात दिवस काढायचे. काम थांबवून आपल्या घरी ताठ मानेने बसता येते, ही गोष्ट त्या समाजाच्या तळातल्या माणसाला त्या दिवशी कळली.

त्याच ब्रिटनमध्ये आज तिशीतले काही पगारदार पंचेचाळिसाव्या, फार तर पन्नासाव्या वर्षी नोकरीला रामराम ठोकण्याचे बेत रचत असतात. त्यांना लॉटरी लागलेली नसते, की वाडवडिलांची इस्टेट मिळालेली नसते. पगार चांगला असतो, पण पोट पगारावरच असते. आर्थिक स्वावलंबन आणि लवकर निवृत्ती, अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे जुळवून या बेताला 'फायर' असे नाव पडले आहे. इंग्रजीत नोकरीवरून हाकलण्यालाही हाच शब्द आहे. इथे मात्र मालकाने हाकलण्याआधी नोकरच मालकाला निरोप देतो.

कल्पना मूळची अमेरिकेची. १९९२ साली विकी रॉबिन आणि ज्यो डोमिन्ग्वेझ यांचे 'युअर मनी ऑर युअर लाइफ' हे पुस्तक आले. त्याचा गाभा असा, की पैसा म्हणजे आपण विकलेले आयुष्याचे तास. एखाद्या वस्तूची किंमत रुपयांत न बघता, तिच्यासाठी आपण किती तास राबलो ते बघावे. पुढे १९९४ मध्ये विल्यम बेन्गन या अमेरिकन आर्थिक सल्लागाराने शेअर बाजाराचा आणि रोख्यांचा जुना इतिहास तपासून एक ठोकताळा मांडला. निवृत्तीच्या पहिल्या वर्षी पुंजीच्या चार टक्के रक्कम काढावी, पुढे दरवर्षी महागाईइतकीच ती वाढवत न्यावी, म्हणजे पुंजी तीस वर्षे पुरते. हाच हिशेब उलटा मांडला, की वर्षाच्या खर्चाच्या पंचवीसपट पुंजी हवी. ज्याचा वर्षाचा खर्च २४ हजार पौंड, त्याला ६ लाख पौंड.

बँकेत उभी हयात दुसऱ्यांच्या ठेवी मोजण्यात गेल्यामुळे मला या हिशेबातली एक गंमत फार मोलाची वाटते. समजा, महागाई वजा जाता गुंतवणुकीवर पाच टक्के वाढ मिळते. जो माणूस हातात पडणाऱ्या पगाराचा दहावा हिस्सा शिल्लक टाकतो, त्याला पंचवीसपट पुंजी जमवायला ५१ वर्षे लागतात. चौथा हिस्सा टाकणाऱ्याला ३२ वर्षे, आणि निम्मा पगार बाजूला ठेवणाऱ्याला अवघी १७. या गणितात पगाराचा आकडा कुठेच नाही, हे लक्षात घ्यावे. खर्च कमी झाला की शिल्लक वाढते, आणि त्याच वेळी पुढे लागणारी पुंजीही कमी होते. एकाच काटकसरीचे असे दुहेरी फळ मिळते. आपल्या आजीला चक्रवाढीचे सूत्र ठाऊक नव्हते, पण अंथरूण पाहून पाय पसरावेत हे ती सांगतच होती.

आता हे अमेरिकन बी ब्रिटनच्या मातीत कसे रुजले, ते पाहण्यासारखे आहे. तिथल्या माणसाच्या पैशाचे तीन डबे असतात. पहिला हाताशी, फडताळातला. त्याला 'आयसा' म्हणतात. गॉर्डन ब्राऊन अर्थमंत्री असताना एप्रिल १९९९ मध्ये ही बचत योजना सुरू झाली. तिच्यात २०१७ पासून वर्षाला २० हजार पौंडांपर्यंत रक्कम टाकता येते, आणि त्यावरचे व्याज, लाभांश, नफा यांवर कर नाही. पैसे हवे तेव्हा काढता येतात.

दुसरा डबा माळ्यावरचा. तो म्हणजे खासगी पेन्शनचा फंड. आपण ८० पौंड टाकले की सरकार कराची सवलत म्हणून २० घालून त्याचे १०० करते. २०१२ पासून टप्प्याटप्प्याने मालकालाही नोकराच्या नावाने वर्गणी भरणे सक्तीचे झाले. पूर्वी या पैशातून बहुतेकांना विमा कंपनीकडून तहहयात वर्षासन विकत घ्यावे लागे. एप्रिल २०१५ पासून ते बंधन गेले. आता चौथा हिस्सा करमुक्त आणि बाकीचा कर भरून, हवा तसा काढता येतो. मात्र या डब्याला वयाचे कुलूप आहे. २०१० पर्यंत ते पन्नाशीला उघडे, मग पंचावन्नला, आणि एप्रिल २०२८ पासून सत्तावन्नला उघडेल.

तिसरा डबा सरकारच्या कोठारातला. २०१६ पासूनच्या नव्या नियमांनुसार पूर्ण सरकारी पेन्शन हवी असेल तर साधारण ३५ वर्षांची राष्ट्रीय विम्याची वर्गणी लागते. २०२५-२६ मध्ये ही पेन्शन आठवड्याला २३०.२५ पौंड, म्हणजे वर्षाला जवळजवळ १२ हजार होती.

तेव्हा सत्तेचाळिसाव्या वर्षी घरी बसू पाहणाऱ्याला नुसती पंचवीसपट पुंजी असून भागत नाही. ती योग्य डब्यात असावी लागते. सगळा पैसा माळ्यावर ठेवला तर सत्तावन्नपर्यंतची दहा वर्षे खाणार काय? म्हणून आधी फडताळातल्या डब्यात त्या दहा वर्षांचा शिधा भरायचा. मग माळ्यावरचा डबा खाली काढायचा. आज पस्तिशीत असलेल्याला सध्याच्या कायद्याप्रमाणे अडुसष्टाव्या वर्षी सरकारी पेन्शन लागते. ती लागली की त्याच्या २४ हजारांच्या खर्चाचा निम्मा भार हलका होतो. बाविसाव्या वर्षी कामाला लागून सत्तेचाळीसला थांबलेल्याची वर्गणी मात्र पंचविसच वर्षांची भरते. उरलेली दहा वर्षे त्याला खिशातून ऐच्छिक वर्गणी भरून पुरी करावी लागतात.

इतका चोख हिशेब पाहून मन प्रसन्न होते. पण कर्जाचे अर्ज तपासण्यात वर्षे गेलेल्या माणसाला कागदावरचा हिशेब आणि आयुष्य यांतले अंतर ठाऊक असते. बेन्गनचा ठोकताळा तीस वर्षांचा आहे, आणि तो अमेरिकेच्या बाजारावर बेतलेला आहे. सत्तेचाळीसला थांबलेला माणूस नव्वदीपर्यंत जगला तर त्याला त्रेचाळीस वर्षे काढायची आहेत. म्हणून तिथली सावध माणसे पंचवीसपटीऐवजी तीसपट धरतात. शिवाय वाईट वर्षे केव्हा येतात, यावर बरेच अवलंबून असते. १९७३-७४ मध्ये लंडनचा शेअर बाजार कोसळला, आणि १९७५ च्या ऑगस्टमध्ये महागाईचा दर २६ टक्क्यांच्या वर गेला. त्याच सुमारास एखाद्याने नोकरी सोडली असती, तर पडलेल्या भावाने शेअर विकून महागलेला पाव घ्यावा लागला असता. पुढची तेजी बघायला त्याच्याकडे फारसे शेअरच उरले नसते.

आणि डबा सांभाळणाराच घरफोड्या निघाला तर? 'मिरर' वृत्तपत्राचा मालक रॉबर्ट मॅक्सवेल नोव्हेंबर १९९१ मध्ये समुद्रात बुडून मेला, तेव्हा कामगारांच्या पेन्शन फंडातले कोट्यवधी पौंड गायब असल्याचे उघड झाले. १७६२ साली स्थापन झालेल्या 'इक्विटेबल लाइफ' या विमा संस्थेने डिसेंबर २००० मध्ये नवे व्यवहार बंद केले, आणि असंख्य विमेदारांच्या म्हातारपणाच्या पुंजीला कात्री लागली. सरकारही शब्द पुढे ढकलते. बायकांना साठीला मिळणारी पेन्शन नोव्हेंबर २०१८ पर्यंत पुरुषांच्या बरोबरीने पासष्टला, आणि २०२० मध्ये सहासष्टला गेली. १९५० च्या दशकात जन्मलेल्या बायकांनी त्याविरुद्ध मोर्चे काढले, कोर्टाची पायरी चढल्या, पण वय काही खाली आले नाही.

मराठी घरांशी या विषयाचा एक थेट धागा आहे. आपल्यातले कितीतरी डॉक्टर, संगणक अभियंते ब्रिटनमध्ये स्थिरावले. पन्नाशीला तिथले काम थांबवावे आणि पुण्याला किंवा नाशिकला परत यावे, पौंड आणि रुपयाच्या भावातल्या फरकावर सुखाने राहावे, असा विचार त्यांतल्या काहींच्या मनात असतो. त्यांनी एक बारीक कलम वाचून ठेवावे. ब्रिटनची सरकारी पेन्शन भारतात मिळते, पण दरवर्षीची वाढ इथे राहणाऱ्याला मिळत नाही. पहिल्या दिवशीचा आकडा शेवटपर्यंत गोठलेला राहतो. कॅनडा आणि ऑस्ट्रेलियात राहणाऱ्यांचीही हीच गत, तर अमेरिकेत राहणाऱ्याला वाढ मिळते. याविरुद्धचा खटला युरोपच्या मानवी हक्क न्यायालयापर्यंत गेला, आणि मार्च २०१० मध्ये पेन्शनर हरले. वीस वर्षांच्या महागाईत गोठलेल्या आकड्याचे काय होते, हे जुन्या मुदत ठेवीवर जगणाऱ्या आपल्याकडच्या विधवेला विचारावे.

या सगळ्याहून महत्त्वाची गोष्ट मला निराळी वाटते. अमेरिकेत नोकरी सुटली की तिच्यासोबत बहुधा आरोग्याचा विमाही सुटतो, आणि लवकर निवृत्त होणाऱ्याची झोप तिथेच उडते. ब्रिटनमध्ये ५ जुलै १९४८ पासून राष्ट्रीय आरोग्य सेवा आहे. रांगा अलीकडे फार लांबल्या, तक्रारी वाढल्या, हे खरे. पण नोकरी सोडली म्हणून इस्पितळाचे दार बंद होत नाही. म्हणजे जो माणूस 'मी आता कोणावर अवलंबून नाही' असे म्हणतो, तो त्या सेवेवर, त्या सरकारी कोठारावर आणि रोज कामावर जाणाऱ्यांच्या करांवर पाय रोवून उभा असतो. त्याच्या शेअरचा लाभांशही कोणाच्या तरी श्रमातूनच येतो. २०२५-२६ मध्ये तिथले किमान वेतन तासाला १२.२१ पौंड होते. आठवड्याला साडेसदतीस तास वर्षभर राबणाऱ्याला कर जाण्याआधी मिळणार २३ हजार ८०० पौंड. वरच्या उदाहरणात लवकर निवृत्त होणाऱ्याचा खर्च धरला आहे २४ हजार. एकाची सारी कमाई ती दुसऱ्याची काटकसर! निम्मा पगार शिल्लक टाकायला आधी पगारात दोन निम्मे असावे लागतात. लंडनचे घरभाडे भरून मुले वाढवणाऱ्याला कोणी हा उपदेश करू नये.

मग हा सगळा खटाटोप व्यर्थ म्हणायचा का? मुळीच नाही. २०००-०१ मध्ये आपल्याकडे सरकारी बँकांत स्वेच्छानिवृत्तीची लाट आली. चाळिशी उलटलेल्या किंवा पंधरा वर्षे नोकरी झालेल्यांना एकरकमी पैसे घेऊन घरी जाण्याची मुभा होती. मी तेव्हा नोकरीत होतो, आणि गेलेल्यांचे पुढे काय झाले ते जवळून पाहिले. एकाने गावी जाऊन आंब्याची कलमे लावली. दुसऱ्याने अंध मुलांना वाचून दाखवायचे काम धरले, ते पंधरा वर्षे सोडले नाही. आणि एक हेड कॅशियर होते. पैशाने सुखी, मुलगी चांगल्या घरी पडलेली. ते दर सोमवारी पासबुक भरायला शाखेत येत. पासबुकात नवी नोंद क्वचितच असे. छपाई झाली की कॅश काउंटरसमोरच्या बाकावर तासभर बसत, नोटा मोजण्याचा आवाज ऐकत, आणि चहा आला की उठून जात. त्यांच्या हिशेबात एका पैची चूक नव्हती. फक्त सोमवारचे काय करायचे, हे त्यांनी ठरवलेले नव्हते.

ब्रिटनमधल्या या मंडळींकडून घ्यायचे ते मला एवढेच वाटते, की निवृत्तीचे वय ही सरकारने कोरलेली शिळा नाही, आणि पुंजी असते ती 'नाही' म्हणण्यासाठी. साहेबाच्या खोट्या हिशेबावर सही करायला नाही म्हणता यावे, आजारी आईजवळ सहा महिने बसता यावे, न आवडणारे काम सोडून कमी पगाराचे आवडते काम धरता यावे. एवढी मोकळीक पंचवीसपटीच्या पुष्कळ अलीकडे, दोन-तीन वर्षांच्या खर्चाइतकी शिल्लक असली तरी मिळू लागते. आपल्याकडे केंद्र सरकारात २००४ पासून आणि सरकारी बँकांत एप्रिल २०१० पासून रुजू झालेल्यांना आमच्यासारखी ठरलेली पेन्शन नव्हती. त्यांचा डबा त्यांनाच भरायचा होता. खासगी नोकरीतल्यांचे तर विचारायलाच नको. तेव्हा हा विषय फक्त परदेशाचा राहिलेला नाही.

एखाद्या रविवारी नवराबायकोने वही घेऊन बसावे. पहिल्या पानावर वर्षाचा खरा खर्च लिहावा. किराणा, औषधे, देणीघेणी, लग्नातले आहेर, सगळा. त्याला पंचविसाने गुणावे. आकडा पाहून छाती दडपेल, पण दडपू द्यावी. मग दुसऱ्या पानावर प्रत्येकाने स्वतंत्रपणे लिहावे, की उद्या ही रक्कम हातात आली तर सोमवारी सकाळी आपण काय करू. दोघांची पाने एकमेकांना वाचून दाखवावीत. पैशाचा हिशेब मुलगाही करून देईल. दुसरे पान मात्र ज्याचे त्यालाच लिहावे लागते, आणि ते पन्नाशीआधी लिहायला घेतलेले बरे.