उघड्या टपाच्या मोटारीचा उंबरठा

जुन्या वाड्याचे आढे आणि वासे उतरवून ठेवले तरी त्याच्या मातीविटांच्या भिंती स्वतःच्या वजनाच्या बळावर काही पावसाळे काढतात. मोटारीचे तसे नाही. पातळ पोलादी पत्रा वाकवून आणि ठिपक्याठिपक्याने वेल्डिंग करून उभारलेल्या या चालत्या वास्तूत छप्पर हे केवळ ऊनपावसाचे निवारण करणारे अंग नसून सबंध सांगाड्याला ताठपणा देणारा तो एक मुख्य घटक असतो. काडेपेटीचा आतला खण बाहेरच्या वेष्टनात असेतोवर कितीही पिळला तरी दाद देत नाही, पण तोच बाहेर काढून दोन्ही टोकांना धरून पिळला की चटकन वेडावाकडा होतो. उघड्या टपाची मोटार म्हणजे वेष्टनावाचूनचा असा खण होय. वरचे आकाश मोकळे करून दिल्याबद्दल जो भार एरव्ही छपराने वाहिला असता तो कोणालातरी वाहावाच लागतो, आणि तो वाहतो दाराखालचा उंबरठा. अशा मोटारीचा सारा आनंद माथ्यावर असतो, सारी काळजी पायाशी.

या काळजीचे स्वरूप समजून घेण्यास एम. जी. बी. या इंग्रजी मोटारीसारखे उदाहरण मिळणे कठीण. एम. जी. ही ऑक्सफर्डच्या मॉरिस गॅराजेस या व्यवसायाची आद्याक्षरे. आज ती एका चिनी कंपनीच्या मालकीची असून गुजरातेतील हालोलच्या कारखान्यातून निघालेल्या गाड्यांवर पुण्यामुंबईच्या रस्त्यांत नित्य दृष्टीस पडतात, आणि त्या गाड्यांत बसणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना ॲबिंग्डन हे थेम्सकाठचे गाव ठाऊक असते. या गावी १९६२ पासून १९८० पर्यंत एम. जी. बी. तयार होत होती. बंद छपराचे भावंड धरून तिची संख्या पाच लाखांवर गेली, आणि त्यांतील निम्म्याहून अधिक गाड्या अमेरिकेस रवाना झाल्या. दोन आसने, १७९८ घनसेंटिमीटरचे चार सिलिंडरांचे इंजिन, दोन कार्बोरेटर आणि हाताने चढवावयाचा कापडी टप, असा तिचा साधा संसार. ती श्रीमंताची गाडी नव्हती. शाळामास्तराने किंवा नव्या डॉक्टराने काटकसर करून घ्यावी अशा बेताची होती. आज तिला जपणारे लोक बहुसंख्येने मध्यमवर्गीय आहेत याचे कारण हेच.

तिच्या आधीच्या एम. जी. ए. ला स्वतंत्र चासी होती. वरचे अंग उचलून बाजूला ठेवले तरी खालचा लोखंडी पाया शाबूत राही. एम. जी. बी. मध्ये रचनाकारांनी ही जुनी वहिवाट मोडली आणि पत्र्याचे अंग हीच चासी केली. त्यामुळे गाडी हलकी झाली, आत जागा वाढली. परंतु दाराखालच्या उंबऱ्याला, जो पूर्वी निव्वळ शोभेचा होता, खांबाची योग्यता प्राप्त झाली. हा उंबरा एकेरी पत्र्याचा नाही. बाहेरचा पत्रा, मधला उभा पडदा, आतला पत्रा आणि तळाशी त्यांना आवळून धरणारी पट्टी, असा तो थरांचा पोकळ तुळवट आहे.

पोकळी म्हटली की तेथे पाणी आले. इंग्लंडात हिवाळ्यात बर्फ वितळावे म्हणून रस्त्यांवर मीठ पसरण्याचा शिरस्ता आहे. पुढचे चाक त्या खारट चिखलाचा मारा मडगार्डाच्या आतल्या कोपऱ्यात करीत राहते, पाणी निघून जाण्यासाठी ठेवलेली छिद्रे बुजतात, आणि गंज आतून बाहेर असा निमूटपणे प्रवास करतो. रंगावर पहिला फोड दिसतो तेव्हा मधला पडदा बहुधा केव्हाच इहलोक सोडून गेलेला असतो. आपल्या कोकणपट्टीत लोखंडी गजांची जी गत खाऱ्या वाऱ्याने होते तीच येथे मिठाने होते. म्हणूनच ॲरिझोना किंवा कॅलिफोर्निया अशा कोरड्या मुलखांत आयुष्य काढलेल्या गाड्या, सुकाणूचक्र डाव्या बाजूला असूनही, परत इंग्लंडात आणवण्याची चाल पडली. त्यांची आसने उन्हाने फाटलेली असतात, पण पत्रा धडधाकट असतो, आणि कापड बदलणे हे पत्रा बदलण्याच्या मानाने पोरखेळ आहे.

माझ्या एका इंग्लंडवासी स्नेह्याने ही गोष्ट पैसे मोजून शिकून घेतली. लाल रंगाची, आरशासारखी चकाकणारी एम. जी. बी. त्याने एका विक्रेत्याकडून घेतली, आणि पहिल्याच उन्हाळ्यात चाक बदलण्यासाठी जॅक लावला असता उघडे दार पुन्हा मिटेना. उंबऱ्यावर चुंबक लावून पाहिला तो घरंगळून खाली पडला. आत पोलाद नव्हतेच; जाळी, वर्तमानपत्राचे बोळे आणि त्यांवर चोपडलेली, आपले रंगारी जिला लांबी म्हणतात ती पुट्टी, अशी ती रचना होती. वर्तमानपत्रावरची तारीख वाचता येत होती, एवढेच काय ते त्या व्यवहारातील प्रामाणिक दस्तऐवज म्हणावयाचे.

असा उंबरा बदलणे म्हणजे केवळ जुने कापून नवे जोडणे नव्हे. पडक्या भिंतीला जसा आधी धिरा देतात, तशी दाराच्या चौकटीत आडवी लोखंडी नळी तात्पुरती वेल्ड करून घ्यावी लागते. गाडी मध्यावर उचलून न धरता दोन्ही टोकांना, आसांखाली टेकू देऊन, जणू ती आपल्याच चाकांवर उभी आहे अशा अवस्थेत ठेवावी लागते. आणि एक बाजू पुरी झाल्यावाचून दुसरीला हात लावावयाचा नाही, हा दंडक पाळावा लागतो. दर टप्प्यावर दार बसवून त्याच्या कडेची फट वरपासून खालपर्यंत सारखी आहे की नाही हे पाहावयाचे. जो कारागीर ही घाई करतो त्याची गाडी मधोमध खचते, आणि खचलेल्या अवस्थेतच नवे वेल्डिंग थिजल्यामुळे ती वक्रता तिला जन्माची चिकटते. माझ्या स्नेह्याच्या गाडीला या कामात दोन हिवाळे गेले, आणि खर्चाचा आकडा त्याने आपल्या पत्नीला अद्याप पूर्णपणे सांगितलेला नाही.

या दुखण्यावर एक राजमार्गही आहे. ब्रिटिश मोटर हेरिटेज या संस्थेने मूळचे साचे मिळवून १९८८ पासून एम. जी. बी. चे संपूर्ण नवे अंग विकण्यास आरंभ केला. जुन्या गाडीतील इंजिन, आस, आसने, घड्याळे काढून नव्या अंगात बसवली की पन्नास वर्षांची गाडी गंजाच्या दृष्टीने नवजात होते. अशी गाडी जुनी मानावी की नवी, यावर शौकिनांत कडाक्याचे वाद होतात. माझे मत विचाराल तर जो मनुष्य गाडी चालवण्यासाठी ठेवतो त्याने खुशाल नवे अंग घ्यावे. जो ती इतिहास म्हणून ठेवतो त्याने मात्र प्रत्येक मूळ पत्रा शक्य तितका वाचवावा, भले त्याला ठिगळे पडोत.

उरलेली निगा त्या मानाने सुखाची आहे. पुढच्या चाकांच्या वळणखिळ्यांना तीन हजार मैलांनी ग्रीस द्यावे. कार्बोरेटरच्या डोक्यावरील नळीत बोटभर पातळ तेल आहे ना ते पाहावे, कारण ते आटले की वेग वाढवताना इंजिन अडखळते. बहुतेक वर्षांच्या गाड्यांत सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या आसनांमागे फळीखाली दडवलेल्या असतात. दृष्टीआड असल्यामुळे त्यांत पाणी घालण्याचे कोणालाच स्मरत नाही. इथेनॉल मिसळलेले पेट्रोल जुन्या रबरी नळ्यांना खाते, सबब त्या बदलून घ्याव्यात. टप थंडीत किंवा ओला असताना मिटू नये. मागची पारदर्शक खिडकी अशाने चिरते. आणि गाडी उभी करून ठेवताना तिच्यावर प्लास्टिकचे आवरण घालण्याचा मोह कटाक्षाने टाळावा, कारण त्याखाली कोंडलेली वाफ पावसाहून अधिक नुकसान करते.

इंग्लंडात चाळीस वर्षांवरील, मोठे फेरफार न झालेल्या गाडीला रस्तापट्टी माफ आहे, आणि २०१८ पासून वार्षिक तपासणीचीही सक्ती उरलेली नाही. आपल्याकडे २०२१ साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती होऊन पन्नास वर्षांवरील खासगी गाड्यांना 'व्ही. ए.' या अक्षरांची स्वतंत्र नोंदणी मिळू लागली. नव्या नोंदणीस वीस हजार रुपये शुल्क असून ती दहा वर्षे चालते, आणि आधी नोंदलेल्या गाडीस आपला जुना क्रमांक राखण्याची मुभा आहे. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती किंवा पेट्रोल भरणे अशा कारणांसाठीच ती रस्त्यावर आणता येते. अट अशी की चासी, अंग वा इंजिन यांत फेरफार झालेला नसावा. म्हणजे दाखला मिळवण्याच्या प्रश्नातही गाडी शेवटी आपल्या अंगापाशीच येऊन ठेपते.

तेव्हा वाचकांपैकी कोणी अशी गाडी पाहावयास निघाले असतील तर खिशात एक लहानसा चुंबक आणि तो रंगावर ओरखडा काढू नये म्हणून पातळ फडके घेऊन जावे. विकणारा प्रथम मोठ्या दिमाखाने टप उघडून दाखवू लागेल. त्याला नम्रपणे थांबवावे, कपड्यांची पर्वा न करता जमिनीवर बैठक मारावी, आणि आधी उंबरा पाहावा.