थेंबभर रक्त आणि कागदी प्रयोगशाळा

मुंबई-हावडा लोहमार्गावर दुर्ग सोडून गाडी रायपूरकडे निघाली की भिलाईचा पोलादी संसार दिसू लागतो. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते येथील पहिली झोतभट्टी सुरू झाली. वर्षाला दहा लाख टन पोलाद काढण्याचे तेव्हाचे उद्दिष्ट होते. याच मार्गावर, चरोद्याच्या विस्तीर्ण रेल्वे यार्डाजवळ, भिलाई-३ हे गाव वसले आहे. कारखाना आणि रेल्वे यांच्या या प्रदेशात मोजदाद चालते ती टनांची आणि वाघिणींची.

परंतु वाचकहो, आज ज्या साधनाचा परिचय आपणांस करून द्यावयाचा आहे, त्याचे मोजमाप याच्या अगदी उलट टोकाचे आहे. एका मिलिलिटरचा सुमारे पन्नासावा भाग, म्हणजे बोटाच्या टोकावर सुईने टोचल्यावर उमटणारा रक्ताचा एक थेंब, एवढेच त्याला पुरते. हे साधन म्हणजे कागदाची किंवा प्लॅस्टिकची एक लहानशी पट्टी. एकदा वापरावी आणि टाकून द्यावी. तथापि हजारो कुटुंबांना ज्याचे उत्तर वेळेवर हवे आहे, असा एक प्रश्न ती सोडवू शकते.

रक्तातील वारसा

तो प्रश्न सिकलसेल या आनुवंशिक विकाराचा आहे. या विकारात एरवी गोल व लवचिक असणाऱ्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या व ताठर होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि रोग्यास असह्य वेदना होतात. भारतात त्याची नोंद १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींत झाली. १९५८ मध्ये नागपूरच्या डॉ. शुक्ला व डॉ. सोळंकी यांनी मध्य भारतातील रुग्णांकडे वैद्यकीय जगाचे लक्ष वेधले. महाराष्ट्रातील आदिवासी भागांत या विकारावर दीर्घकाळ काम करणारे पुण्याचे डॉ. सुदाम काटे यांना २०१९ मध्ये पद्मश्री देऊन गौरविण्यात आले. छत्तीसगड आणि विदर्भ हे या विकाराच्या मोठ्या पट्ट्यातील प्रदेश होत. आणि तो केवळ आदिवासींपुरता मर्यादित नाही.

आई-वडिलांपैकी एकाकडूनच सदोष जनुक आले तर मूल केवळ ‘वाहक’ होते. वाहक हा सहसा निरोगी आयुष्य जगतो. त्याला रोगी समजणे चूक आहे. परंतु पती-पत्नी दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भारपणात मूल रोगी असण्याचा संभव चारांत एक असतो. हे आधी कळले तर दांपत्याला डॉक्टरांचा सल्ला घेता येतो. बाळाला विकार आहे हे लवकर कळले तर प्रतिबंधक औषधे, लसी आणि पुढे हायड्रॉक्सियुरियासारखा उपचार यांनी त्याचे जीवन पुष्कळ सुसह्य करता येते. म्हणूनच १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय अभियानाने सात कोटी लोकांची तपासणी करण्याचे आणि २०४७ पर्यंत हा विकार निर्मूल करण्याचे उद्दिष्ट ठेवले.

अडचण कोठे आहे?

समजा, भिलाई-३ च्या आसपासच्या एखाद्या खेड्यात तपासणी शिबिर भरले आहे. सर्वांत स्वस्त चाचणी म्हणजे विद्राव्यता चाचणी. रक्त एका द्रावणात मिसळले आणि ते गढूळ झाले, तर सदोष हिमोग्लोबिन आहे असे समजावे. परंतु हा मनुष्य केवळ वाहक आहे की प्रत्यक्ष रोगी, हे त्या गढूळपणावरून कळत नाही. त्यासाठी नमुना मोठ्या प्रयोगशाळेत पाठवावा लागतो. तेथील एचपीएलसी यंत्र अचूक निदान करते. पण त्याला वातानुकूलित खोली, अखंड वीज आणि प्रशिक्षित माणूस लागतो. अहवाल येईपर्यंत शिबिर उठलेले असते. धानाची लावणी सोडून आलेली माता परत गेलेली असते. कामाच्या शोधात कुटुंब परगावीही गेलेले असते. निदान झाले, परंतु ते ज्याचे होते त्याच्या हाती पडले नाही! चाचणी स्वस्त असावी हे खरेच. पण तिचे उत्तर माणूस समोर बसलेला असतानाच मिळावे, हे त्याहून महत्त्वाचे होय.

खोलीभर यंत्रापासून कागदाच्या पट्टीपर्यंत

१९४९ मध्ये अमेरिकेत लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, विजेच्या प्रभावाखाली निरोगी आणि सिकलसेलच्या रुग्णाचे हिमोग्लोबिन निरनिराळ्या वेगाने सरकते. त्यांचे उपकरण भलेमोठे होते. सदोष हिमोग्लोबिनच्या साखळीत एका ठिकाणी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन असते, हे पुढे व्हर्नन इंग्रॅम यांनी शोधून काढले. त्यामुळे त्यावरील ऋण भार कमी होतो आणि ते मागे रेंगाळते.

हेच तत्त्व आता तळहातावर मावेल अशा एका डबीत बसविण्यात आले आहे. ‘गॅझेल’ नावाच्या उपकरणात सेल्युलोज अ‍ॅसिटेट कागदाची पट्टी असलेली, एकदाच वापरावयाची डबी घालतात. रक्ताचा सूक्ष्म अंश त्या कागदावर लावतात, वीज सोडतात आणि सुमारे दहा मिनिटांत हिमोग्लोबिनच्या निरनिराळ्या रेघा विलग होतात. एकच रेघ सदोष असेल तर रोगी, निरोगी व सदोष अशा दोन्ही असतील तर वाहक, असा भेद यंत्र स्वतः वाचून सांगते. जबलपूरच्या राष्ट्रीय जनजाती आरोग्य संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी भारतीय रुग्णांवर या उपकरणाची पारख करून आपले निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध केले.

वात तेल कशी ओढते?

अशा साधनांमागील विद्येला सूक्ष्मप्रवाहशास्त्र म्हणतात. देवघरातील समईची वात तेल वर ओढते, टीपकागद शाई शोषून घेतो. तीच केशाकर्षणाची शक्ती येथे पंपाचे काम करते. २००७ मध्ये अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात जॉर्ज व्हाइटसाइड्स यांच्या गटाने कागदावर पाण्याला न जुमानणाऱ्या भिंती उभारून थेंबाला ठरावीक वाटेने नेले. पुढे मेणाच्या शाईने छापून कागद तापविण्याची सोपी युक्ती निघाली. मेण वितळून कागदात मुरते आणि भिंत तयार होते. त्या वाटेवर रसायन आधीच वाळवून ठेवले की थेंब तेथे पोहोचताच रंग उमटतो.

परंतु स्वस्त वस्तू बनविणे सोपे असते असे नव्हे. वैशाखातील उष्म्यात आणि श्रावणातील दमट हवेत रसायन टिकले पाहिजे; यास्तव पाकिटात ओलावा शोषणारी पुडी हवी. चाचणी नीट झाली की नाही हे सांगणारी वेगळी खूण हवी, नाही तर बिघडलेली पट्टीही ‘सर्व ठीक’ असे सांगेल. पट्टी टाकाऊ असते ती एका रुग्णाच्या रक्ताचा अंश दुसऱ्याच्या चाचणीत मिसळू नये आणि कावीळ-बी किंवा एचआयव्ही यांचा संसर्ग होऊ नये म्हणून. पण टाकाऊ म्हणजे कोठेही फेकावयाची नव्हे. सुई छिद्र न पडणाऱ्या पांढऱ्या डब्यात आणि रक्त लागलेला कापूस पिवळ्या पिशवीत गेला पाहिजे. ती व्यवस्था नसेल तर रोग शोधणारे शिबिर स्वतःच रोगाचे कारण ठरेल.

प्रत्येक चाचणीची मर्यादाही ओळखली पाहिजे. नवजात बालकाच्या रक्तात गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन विपुल असते, म्हणून सदोष रेघ फिकी दिसते. नुकतेच रक्त चढविलेल्या रोग्याचाही निष्कर्ष फसवा येतो. अशा वेळी मोठ्या प्रयोगशाळेची खातरजमा आवश्यक ठरते.

वाचकहो, आपल्या घरी लग्नकार्य ठरत असेल किंवा पाळणा हलण्याची चाहूल लागली असेल, तर ही तपासणी करून घेण्यास संकोच करू नये. मुलगी वाहक आहे म्हणून ठरलेले लग्न मोडणे हे विज्ञान नव्हे, तो अन्याय आहे. वाहक मुलगाही तितकाच असतो, आणि धोका संभवतो तो सदोष जनुक दोघांकडूनही बाळाकडे आले तेव्हाच. एका थेंबाने मिळणारे उत्तर कोणाला नाकारण्यासाठी नाही, येणाऱ्या बाळाला सांभाळण्यासाठी आहे. पट्टी कचऱ्याच्या डब्यात जाते. तिने दिलेले ज्ञान मात्र घराघरांत जपून ठेवावयाचे असते.