आत्महत्येस प्रवृत्त करणे : चिठ्ठीत नाव आले, पुढे काय?
(लेखमाला, भाग 6)

ऑगस्ट 2023 मध्ये उल्हासनगरातील एका पती-पत्नीने जीवन संपवले. त्याआधी व्हिडिओ करून त्यांनी त्रास देणाऱ्यांची नावे घेतली होती. तपास पुढे सरकत नाही म्हणून कुटुंबातील एकाने फलटणमध्ये कॅमेऱ्यासमोर स्वतःचे बोट छाटून घेतले. घरच्यांच्या मनात एकच प्रश्न असतो: गेलेला माणूस नाव सांगून गेला, आणखी कसला पुरावा हवा?

न्यायालयाचे काम मात्र नावापाशी संपत नाही. मृताचे लेखी किंवा ध्वनिमुद्रित म्हणणे पुरावा म्हणून वाचता येते. त्यातून त्रास कोणाचा वाटत होता ते कळते. कायद्याला त्यापुढचे हवे असते: त्या माणसाने नेमके काय केले, कधी केले आणि कोणत्या हेतूने?

1 जुलै 2024 पूर्वीच्या घटनांना भारतीय दंड संहितेचे कलम 306 लागते, नंतरच्यांना भारतीय न्याय संहितेचे 108. शिक्षा दोन्हीकडे 10 वर्षांपर्यंत कैद आणि दंड. प्रवृत्त करणे म्हणजे चिथावणी देणे, कटात सामील होणे किंवा जाणूनबुजून मदत करणे. बहुतेक खटले चिथावणीवर येऊन अडतात.

मध्य प्रदेशातील एका प्रकरणात 25 जुलै 1998 ला भांडण झाले. ‘जा, मर’ असे शब्द निघाले. 27 तारखेला माणूस गेला. 2002 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खटला रद्द केला. रागाच्या भरात तोंडून निघालेल्या शब्दांमागे मरणाला ढकलण्याचा इरादा दिसत नाही, आणि मधले दोन दिवस विचार करायला होते, असे न्यायालयाने म्हटले.

आपल्या अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यात वसुलीच्या फोनला कंटाळलेली घरे कमी नाहीत. म्हणून सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी 2025 चा निकाल महत्त्वाचा. कर्जाच्या तगाद्याचे ते प्रकरण होते. चिठ्ठी होती, फोनवरची संभाषणेही नोंदलेली होती. न्यायालयाने ती वाचली. भाषा तापलेली, पण मागणी पैशांचीच. आरोपी दोषमुक्त झाला. दुःखी नातेवाइकांच्या समाधानासाठी हे कलम सरसकट लावू नका, असेही पोलिसांना बजावले गेले.

मला हे कठोर वाटते, तरी योग्यही वाटते. ज्याने फक्त हप्ता मागितला त्याला 10 वर्षांची टांगती तलवार नको. पण छळ साखळीने चालला असेल तर न्यायालय डोळेझाक करत नाही. हरियाणातील एका तरुणीला सगळ्यांदेखत वारंवार हिणवणाऱ्यांची दोषसिद्धी सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये कायम ठेवली.

विवाहितेच्या बाबतीत पारडे थोडे झुकते. लग्नानंतर सात वर्षांच्या आत आत्महत्या झाली आणि पती किंवा सासरच्यांनी क्रूर वागणूक दिल्याचे सिद्ध झाले, तर त्यांनीच प्रवृत्त केले असे न्यायालयाला गृहीत धरता येते. क्रूरता मात्र आधी सिद्ध करावी लागते.

म्हणूनच फिर्यादीतला पहिला जबाब निर्णायक ठरतो. ‘सतत मानसिक त्रास द्यायचे’ एवढ्यावर कल्याणच्या सत्र न्यायालयात उलटतपासणी टिकत नाही. कोणत्या तारखेला कोण दारात आले, कोणासमोर काय बोलले, त्या रात्री माणूस घरी येऊन काय म्हणाला, हे त्याच्याच शब्दांत लिहून घ्यायला लावा. शेवटच्या आठवड्याचा तपशील सगळ्यात आधी सांगा. मोबाइल उघडून मेसेज पुसू नका, स्क्रीनशॉटवर विसंबू नका. मूळ फोन पंचनामा करून जप्त व्हायला हवा. चिठ्ठी हाताळू नका, आणि मृताच्या अक्षराचे जुने कागद, वही, बँकेचा अर्ज, बाजूला काढून ठेवा. अक्षर जुळवायला हस्ताक्षर तज्ज्ञाला तेच लागतात.

आपण किंवा जवळचे कोणी अशा विचारात असेल, तर टेली-मानसच्या 14416 या क्रमांकावर कोणत्याही वेळी मोफत बोलता येते.

पुढील भागात : या कलमाखालील अटक आणि जामीन.