कोलाचोची उडी आणि ख्रिस्ताचा आशीर्वाद

स्पेनच्या बुर्गोस प्रांतात कास्त्रियो दे मुर्सिया हे लहानसे खेडे आहे. ख्रिस्तशरीराच्या सणाच्या रविवारी तेथे एक आगळी परंपरा पाळली जाते. सतराव्या शतकापासून चालत आलेली ही प्रथा पवित्र साक्रामेंताच्या बंधुसंघाने जतन केली आहे.

पिवळ्या-तांबड्या वेषातील ‘कोलाचो’ म्हणजे सैतानाचे सोंग. वर्षभरात जन्मलेली तान्ही बाळे रस्त्यात गाद्यांवर निजवली जातात आणि परमप्रसादाच्या मिरवणुकीपुढे पळणारा कोलाचो त्यांच्यावरून उडी मारतो. मागोमाग धर्मगुरू बाळांना आशीर्वाद देतात, त्यांच्यावर गुलाबपाकळ्या उधळल्या जातात.

या उडीने अरिष्ट टळते, इतकेच नव्हे तर आद्यपापही दूर होते, अशी समजूत आहे. येथे भाविकांनी विवेक बाळगणे अगत्याचे ठरते. ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीनुसार आद्यपापाची क्षमा बाप्तिस्म्याने लाभते, उडीने नव्हे.

मग या प्रथेत ख्रिस्ती अर्थ कोणता? तो मिरवणुकीच्या क्रमातच आहे. सैतान पुढे पळतो, कारण मागून प्रभू येत असतो. उडी पाहावयास दूरदूरचे लोक जमतात. त्यांची दृष्टी उडीपाशीच न थांबता मागून येणाऱ्या परमप्रसादाकडे वळली, तरच हा सण खऱ्या अर्थाने साजरा झाला असे म्हणता येईल.