निसवलेली ज्वारी आणि चार टॅब

"सावली पडतीय तुझी, सरक की जरा!" टॅब धरलेली मुलगी ओरडते आणि बांबू धरून उभा असलेला मुलगा दोन पावलं मागे जातो. जानेवारीची सकाळ आहे. बांबूवर दर दहा सेंटिमीटरला लाल रंगाची रेघ आहे आणि तो ज्या ताटाशेजारी उभा केलाय, त्या ताटाला निळी चिंधी बांधलीय. दर शुक्रवारी याच ताटाचा फोटो काढायचा, तोही एकाच जागेवरून. ती जागा चुकू नये म्हणून मुलांनी तिथे एक दगड पुरून ठेवलाय. मुलगी दगडावर पाय जुळवून उभी राहते, टॅब छातीशी धरते, श्वास रोखते.

बीड जिल्ह्यातल्या बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातली ही जिल्हा परिषदेची दोनशिक्षकी शाळा. ज्वारी शाळेच्या कुंपणाला लागूनच आहे, मालदांडी. चौथीतल्या एका मुलीच्या वडिलांनी ती पेरली आणि पाठोपाठ ते बायकोला घेऊन कारखान्याला गेले. इथल्या कोरडवाहू घरांचं वर्षाचं गणितच असं आहे. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ऊसतोडीचा हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. नवराबायको मिळून एक कोयता. रब्बीची ज्वारी निसवते, तिचा हुरडा होतो, काढणीही होते, पण पेरणारा माणूस ती बघायला नसतो. मागे आजी-आजोबा राहतात आणि हंगामी वसतिगृहाच्या योजनेमुळे आता बरीचशी मुलंही. दोन वेळचं जेवण शाळेत, झोपायला आजीकडे.

चौथीचा प्रकल्प या ज्वारीचा आहे. पेरणीनंतरच्या पहिल्या कोंबापासून काढणीपर्यंत.

वर्गात सतरंजीवर चार गट बसलेत आणि चार टॅब. गावाच्या लोकवर्गणीतून आलेले. एकाच्या काचेला कोपऱ्यात तडा गेलाय, त्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावून तो वापरात आहे. हे मला फार आवडतं. फुटेल म्हणून टॅब कपाटात कुलूप लावून ठेवलेल्या शाळा मी पाहिल्यात आणि त्या कपाटांइतकं वाईट मला दुसरं काही वाटलेलं नाही. इथे टॅब पोरांच्या हातात असतो, त्याला माती लागते, शुक्रवारी शाळा सुटताना तो ओल्या फडक्याने पुसला जातो.

एक मुलगा शुक्रवारचे सगळे फोटो भराभर बोटाने सरकवून दाखवतो. चार पानं, सहा पानं, गुडघ्याएवढं ताट, मग पोटरी, मग कणीस. "बगा सर, कशी पळतीय वर!" त्याचा स्वतःचाच विश्वास बसत नाही. रोज ज्वारी पाहणाऱ्या मुलाला ज्वारीची वाढ दिसत नाही. ती दिसायला असे एका जागेवरून काढलेले फोटो लागतात. टॅबचं इथलं खरं काम मला हेच वाटतं. एरवी डोळ्यांदेखत निसटणारी गोष्ट मुलाला थांबवून बघता येते, मागे नेता येते, पुन्हा मोजता येते.

कोपऱ्यात एक गोधडी हलतेय. तिच्याखाली दोन मुली आवाज रेकॉर्ड करताहेत. बाहेर वारा आहे, शेजारी दुसरीचा वर्ग पाढे म्हणतोय, म्हणून ही सोय त्यांनीच काढलीय. "आमची ज्वारी निसवली. निसवली म्हंजी पोटरीतून कणीस भाईर आलं. आता... आता पाखरं येत्यात." मध्ये अडखळणं, मग दबलेलं हसू. बाई काही बोलत नाहीत. मुली ऐकून बघतात, आपसात कुजबुजतात आणि ते हसू तसंच ठेवायचं ठरवतात. दुसऱ्या फाइलीत आजी आहे. गोफणीत खडा कसा धरायचा, ते ती सांगते, मध्येच खोकते. मग गोफणीचा फटकारा आणि पाखरांचा थवा उठल्याचा आवाज. तीन सेकंदांचा तो आवाज मुली मला दोनदा ऐकवतात.

बाईंचा एक नियम आहे: दर शुक्रवारी जेवढं झालंय तेवढं पालकांना पाठवायचं, अर्धवट असलं तरी. "पूर्ण करून, सजवून पाठवलं की नुसता अंगठा येतो," त्या मला सांगतात. "अर्धं पाठवलं की बोलणं येतं."

हे ऐकताना मला 2020 आठवतं. 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' म्हणत त्या वर्षी राज्यभर मोबाइलवर धडे गेले. ज्यांच्या घरी साधा फोन होता, ती मुलं मागे राहिली. पण शाळेतलं काहीतरी फोनवर येतं ही सवय अनेक घरांना तेव्हाच लागली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना 'ग्लोबल टीचर प्राइझ' मिळालं. त्यांनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडले होते; तसे कोड आज बालभारतीच्या पुस्तकांतही आहेत, या वर्गातल्या पुस्तकांवरही. कोड स्कॅन केला की धडा मुलापर्यंत येतो. बाईंना त्याच्या पुढची वाट हवी आहे: मुलाने केलेलं घरापर्यंत जावं आणि घरचं माणूस त्यात शिरावं. माझ्या मते प्राथमिक शाळेतल्या टॅबची किंमत यावरच ठरायला हवी. तयार साच्यात फोटो टाकून, खाली संगीत लावून केलेल्या चकचकीत चित्रफिती कितीही बनतात. त्यात पालकाला करण्यासारखं काही उरत नाही.

पाठवण्याची तऱ्हाही बाईंनी अनुभवाने बसवलीय. व्हिडिओ नाही, कारण ऊसतोड मजुरांच्या कोपीवर, म्हणजे झोपडीत, वीज नसते, फोन कुठल्यातरी टपरीवर चार्ज होतो, रेंज येते-जाते. लहान केलेले तीन-चार फोटो आणि मिनिटभराचा आवाज. टॅबला बाईंच्या फोनचं हॉटस्पॉट. गावाच्या ग्रुपवर काही टाकायचं नाही. ज्याचं काम त्याच्याच आईबापाला. मुलांचे चेहरे शंभर अनोळखी फोनांत कशाला फिरायला हवेत? यावर त्या ठाम आहेत आणि मला ते पटतं.

आज सकाळी एक उत्तर आलंय. बाई आवाज मोठा करतात, सगळा वर्ग गोळा होतो. मागे ट्रॅक्टरची घरघर, कोणीतरी मोळ्या मोजतंय. मग शेतमालकाचा, म्हणजे त्या मुलीच्या वडिलांचा आवाज: "दीदे, फोटू बगितला. कणीस चांगलं हाय. पर खालची पानं चमकल्यागत दिसत्यात. चिकटा असंल. बोट लावून बग, चिकट लागतंय का. लागलं तर आबाला सांग."

क्षणभर सगळे एकमेकांकडे बघतात आणि मग अख्खा वर्ग ज्वारीकडे धावतो. मी मागे. ती मुलगी खालचं पान पालथं करते, बोट फिरवते, अंगठ्याला चोळते. "चिकट हाय!" टॅब जवळ नेऊन फोटो काढला जातो, दोन बोटांनी मोठा केला जातो आणि पानाच्या पाठीवर पिवळसर ठिपके दिसतात. ठिपक्यांना पाय आहेत. मावा. तो रस शोषतो आणि त्याच्या अंगातून निघणारा गोड चिकट द्राव खालच्या पानांवर पडतो, तोच चिकटा. बाई सांगतात, मुलं ऐकता ऐकता आणखी पानं उलटी करत सुटतात. तीन ताटं सोडून एका पानावर एक लालसर ढालकिडा सापडतो, मावा खाणारा. त्याचाही फोटो. आबांना बोलावणं जातं. शेकडो मैलांवर उसाच्या फडात उभ्या माणसाने फोटोतलं एक चमकतं पान ओळखलं आणि इथे प्रकल्पात एक पान वाढलं. ते पान त्या मुलीने सुचवलेल्या मथळ्यासकट होतं: 'पप्पांनी वळखलं'. बाई 'ओळखलं' करू का विचारतात. ती मान हलवते, नको.

एक वाजतो. मुलं जेवायला बसण्याआधी एक फोन राहिलाय. ज्या मुलाने बांबू धरला होता, त्याच्या घरी स्मार्टफोन नाही, बटणांचा फोन आहे. दुपारच्या भाकरीला फडात सगळे टेकतात, ती वेळ साधून बाई साधा कॉल लावतात. मुलगा एका हातात बाईंचा फोन धरतो, दुसऱ्या हाताने टॅब त्याच्या तोंडाशी नेतो आणि आपलं रेकॉर्डिंग सुरू करतो.

"जेवलास का रं?" पलीकडून आई.

"आधी ऐक की!" तो रेकॉर्डिंग थांबवून पुन्हा पहिल्यापासून लावतो. या वेळी ती पूर्ण ऐकते. गोफणीच्या फटकाऱ्याला हसते. मग विचारते, "केवढी झाली म्हनं ज्वारी?"

"माझ्यापेक्षा दोन वीत उंच."

"आन् तू केवढा झालास?"

मुलगा बाईंकडे बघतो. हे कोणी मोजलेलंच नाही. ज्वारीचं ताट दर शुक्रवारी मोजलं गेलं. मोजणारी मुलं राहून गेली. कोणीतरी पळत जाऊन बांबू आणतं. तो दाराच्या चौकटीला पाठ लावून ताठ उभा राहतो, टाचा उचलतो, बाई खांद्यावर हात ठेवून त्या खाली टेकवतात. डोक्यावर पट्टी आडवी धरली जाते. मागे रांग लागलीय, सगळ्यांनाच मोजून घ्यायचंय.

"एकशे अठ्ठावीस!" तो फोनमध्ये ओरडतो. "मागचं किती होतं, आई, तुला म्हाईताय का?"