बुरशीला गिऱ्हाईक का नाही?

२०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. जैविक कीडनियंत्रणाचा पुरस्कार व्यासपीठांवरून होतच असतो. शेतात मात्र रासायनिक औषधांचेच राज्य आहे. याचे कारण शास्त्रापेक्षा अर्थव्यवहारात शोधले पाहिजे.

मावा, पांढरी माशी यांना रोग जडविणाऱ्या बुरशी उपलब्ध आहेत. बुरशीचे बीज किडीच्या अंगावर रुजते, कातडी भेदून आत शिरते आणि काही दिवसांत कीड मरते. मात्र हवेत ओलावा हवा व फवारणी सायंकाळी हवी; कडक उन्हात हे बीज तग धरत नाही. बोंडात दडलेल्या गुलाबी अळीपर्यंत तर ते पोचतच नाही, हेही मान्य केले पाहिजे.

आता दुकानदाराची बाजू पाहा. रासायनिक औषध दीर्घकाळ टिकते व लगेच गुण दाखविते. जिवंत, नाशवंत माल तो कशाला ठेवील? आणि शेतकऱ्याला उधारी व सल्ला पुष्कळदा याच दुकानातून मिळतो!

उलट २००२ साली मान्यता मिळालेले बीटी वाण घ्या. त्यातील अळीनाशक गुणही मूळचा एका जीवाणूचाच. पण तो बियाण्यात बसविता आला, आणि संकरित बियाणे दरसाल विकता येते. म्हणून तो गावोगाव पोचला. पुढे गुलाबी अळी त्यालाही पुरून उरली, हा भाग निराळा.

तेव्हा हा नाशवंत माल सहकारी सोसायट्यांनी पीककर्जासोबत द्यावा व न खपलेल्या मालाचा तोटा शासनाने सोसावा. रासायनिक खतांवर अनुदान देणाऱ्या शासनाला हा भार जड वाटू नये.